आठ गुंठे पडीक

१२ जानेवारी, सोमवार
तालुक्याचा जमीन-वापराचा नकाशा वर गेला एकदाचा. पीक, झाडी, पाणी, वस्ती, पडीक. पाच रंग. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "सुमननं वेळेच्या आधी दिला." मी मान खाली घालून हसले. इरण्णा हसले नाहीत. हुद्द्यानं माझ्या खाली, वयानं सात वर्षं वर. दिवाळीआधीच म्हणाले होते, "मॅडम, उपग्रहाची दहा मीटरची चित्रं घेऊ की. मैंदर्गीकडं मळे लई बारीक हायत." मी म्हटलं, तीस मीटरची एक चौकट पुरे. दहाला नऊपट चौकटी, महिनाभर जास्त. आणि तारीख मीच देऊन बसलेले.

१६ जाने., शुक्र.
दुपारी आत्याचा फोन. मैंदर्गीजवळ ओढ्याकाठी तिचा पानमळा आहे, गायरानात. आजोबांनी दगड वेचून केलेली जागा. कागद नाही, कसतो हाच पुरावा. काल ग्रामसभेत पडीक जागांची यादी वाचली म्हणे, आमच्याच नकाशावरनं काढलेली, सौरऊर्जेच्या प्लेटा बसवायला. मळा यादीत.
"सुमे, तू त्याच हापिसात हायस की. कुन्या येड्यानं पडीक लिवलंय, बग जरा."
म्हटलं, बघते. येडं कोण ते सांगितलं नाही.

१७, शनि.
सुट्टी असून ऑफिसात. ३० मी.ची एक चौकट म्हणजे नऊ गुंठ्यांच्या जवळपास. मळा आठ गुंठे, तोही नेमका चार चौकटींच्या सांध्यावर. भोवती माळ, मधे चिमूटभर हिरवं. संगणकानं सगळं माळात ढकललं. मला कळत नव्हतं असं नाही. आठ गुंठे केवढे ते मी लहानपणी पावलांनी मोजलंय.

खरी लाज पुढं आहे. इथं लिहिते, दुसरीकडं कुठं लिहिणार. डिसेंबरात पाहणीला मैंदर्गीला गेलेले. ओढ्याकडं सहा ठिकाणी उभं राहून, नकाशा ताडून नोंद करायची होती. रस्ता आत्याच्या दारावरनं, आणि तिच्याकडं जेवल्याशिवाय सुटका नाही. मग वेशीजवळ गाडीत बसूनच सहाही ठिकाणी "पडीक, बरोबर" असं भरून टाकलं. आत्याच्या हातच्या भाकरीचा कंटाळा केला, दुसरं काही नाही.

२०, मंगळ.
१० मी.चं चित्र उतरवलं, तेवढ्याच कोपऱ्यापुरतं. मळा दिसला. कडेच्या चौकटी भेसळीच्या, मधल्या तीन चांगल्या हिरव्या. त्याही संगणकानं "झाडी" म्हणून दिल्या. वेलांवर शेवरीची सावली असते, वरनं झाडीच दिसणार. जो कधी आत शिरला त्यालाच खाली पानं आहेत हे माहीत. हातानं कड आखली, "पीक" केलं. साहेबांना म्हटलं, किरकोळ दुरुस्ती. "बरं, पाठव." पाठवला.
इरण्णांनी पडद्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "आनि बाकीचे, मॅडम?"
मी चहाला उठले.

२४, शनि.
आत्यानं एस.टी.च्या कंडक्टरकडं पानं पाठवली, ओल्या फडक्यात बांधून. मळा यादीतून निघाला. आईनं गल्लीत वाटली. "भाची असावी तर अशी, म्हणत होती तुझी आत्या." माझ्या वाटचं पान मी परत फडक्यात गुंडाळून ठेवलं.

२७, मंगळ.
अनोळखी नंबर. भीमराव म्हणून, आत्याच्या बांधाला बांध. पाच गुंठे, मेथी-कोथिंबीर.
"ताई, तुमच्या आत्या म्हनल्या तुमी नीट करून देता. आमचं बी तेवढं बगा की. आनखी बारा घरं हायत. शुक्रवारी मोजणीवाले येनार."
किती मिनतवारी करत होते. चूक माझी, आणि हात ते जोडतायत. आणि ही एका ओढ्याची गोष्ट. तालुक्यात असे ओढे किती, मी मोजायला घेतले आणि सोडून दिले.

२८, बुध.
पत्र लिहिलं साहेबांना. तीस मीटर मी निवडलं, इरण्णांनी आधी सांगूनही. पाहणी गाडीत बसून केली. आत्याचा तुकडा तेवढा हातानं बदलला. नकाशा मागं घ्यावा, दहावर पुन्हा करू, पाहणीसकट. मार्चात माझं कंत्राट संपतं, हे पत्र वाचून कोण वाढवणार. गाडीचं वाक्य दोनदा खोडलं. इरण्णांना दाखवलं.
"ही खोडलेली ओळ ठेवा, मॅडम. त्याबिगर हे पत्र म्हंजे नुसती तांत्रिक अडचन."
ठेवली.

२९, गुरु.
सकाळी. पत्र छापून टेबलावर ठेवलंय, पालथं. भीमरावांचा परत फोन. "ताई, झालं का?" म्हटलं, आज सांगते. साहेब अकराला येतात. पावणेअकरा झालेत. इरण्णा फाईल ठेवायला आले आणि जाताना पत्र सुलटं करून गेले. अजून तरी मी ते पालथं केलेलं नाही.