खताच्या ढिगावरचा कागद

३ मार्च

चि. ठमीस अ. उ. आ.

तू गेलीस आणि शेजारीण विचारायला आली, की तुमची भाची खताच्या ढिगातली माती चमच्याने बाटलीत का भरत होती. त्यात प्लास्टिक खाणारे जिवाणू आहेत म्हटल्यावर बाई दोन पावलं मागे सरली. चाळीस वर्षं घर आरशासारखं ठेवलं, ते हे ऐकायला? ढीग उचलून टाकला, जागा घासली आणि दोन बाटल्या फिनाईल ओतलं.

रागात माया आटत नाही, एवढं ध्यानात ठेव.

मावशी

१९ मार्च

ती. मावशीस सा. न. वि. वि.

रडकुंडीला येऊन लिहिते आहे. जिवाणू उबेत ठेवायची पेटी सुट्टीच्या दोन दिवसांत बिघडून तापली. सगळे मेले. मी मूर्खासारखे सगळे नमुने त्या एकाच पेटीत ठेवले होते. महिन्याभरात पुन्हा जिवाणू दाखवले नाहीत, तर सर काम बंद करणार. दोन वर्षं पाण्यात जातील. कुठे कोपऱ्यात चिमूटभर माती उरली आहे का?

रागावलीस तरी माझीच राहा.

ठमी

२४ मार्च

चि. ठमीस अ. उ. आ.

एवढी शिकलीस आणि सगळं एकाच पेटीत? मी घराची किल्लीसुद्धा तीन ठिकाणी ठेवते.

माती उरली नाही. पण ढिगावरचा प्लास्टिकचा कागद आठवतो? दुकानदाराने पाच वर्षांची हमी दिली, सहा महिन्यांत त्याची चाळण झाली. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर सांगायच्या, पुराव्याशिवाय तक्रार करू नये. म्हणून चिकटलेल्या मातीसकट एक तुकडा बरणीत ठेवला होता. तो पाठवते आहे. माझी तक्रार बुडाली, तुझं काम तरू दे.

जेवत जा वेळेवर.

मावशी

१७ एप्रिल

ती. मावशीस सा. न. वि. वि.

जगले. नव्या प्लास्टिकवर बारीक खड्डे पडले आहेत. सरांनी दोनदा भिंगातून पाहिलं आणि मुदत वाढवली. आता तीन पेट्या केल्या आहेत.

तुझ्या भांडखोरपणाला नमस्कार.

ठमी

२२ एप्रिल

चि. ठमीस अ. उ. आ.

दुकानदाराला जाऊन सांगितलं, की कागद चांगला होता, माझी मातीच खादाड निघाली. मी चूक कबूल केली म्हणून तो इतका गांगरला, की नवा कागद फुकट देऊन बसला.

बरणीतली थोडी माती मी काढून ठेवलीच होती. नवा ढीग घातला, त्यात ती मिसळली, वर कागद पसरला. तुझ्या पेट्यांचा मला भरवसा नाही. शेजारीण कुंपणावरून बघत होती. तिला सांगितलं, भाचीची मंडळी जेवायला बसली आहेत.

मावशी