सुभेदाराचा दम

श्री. हिंदुराव यांस,

लालासाहेबचा रामराम, आणि सवयीने जयहिंद.

तुमची तब्येत बरी आहे असं धरून चालतो, कारण नसती तर तुमच्या लेकीने, स्वप्नाने, कळवलं असतं. गुडघा, साखर आणि दारातली म्हैस या तिघांची खुशाली उलट टपाली कळवावी (म्हशीची आधी). माझं बरं आहे. दोन वेळ जेवतो, बीपीची गोळी घेतो, शेरडं अजून विकलेली नाहीत. फोन सोडून पत्र का, असं तुमच्या मनात येईल. एक तर फोनवर आपण दोघं 'बरं हाय, बरं हाय'च्या पुढे कधी गेलो नाही. दुसरं म्हणजे गेले तीन शनिवार तुम्ही माझा फोन उचलत नाही. पोस्टमनने हातात दिलेलं पत्र मात्र घ्यावंच लागतं. पलटणीतून मी सव्वीस वर्षं घरी पत्रं लिहिली आणि त्यातल्या बहुतेकांत 'इकडे थंडी आहे, तिकडची खुशाली कळवा' एवढाच मजकूर असायचा, हे तुमच्या अक्काने सगळ्या पै-पाहुण्यांना सांगून ठेवलं होतं. त्यामानाने हे पत्र लांबणार आहे. चष्मा घेऊन बसा.

तुम्हाला बरंचसं ठाऊक आहे, तरी पहिल्यापासून सांगतो, अर्धवट रिपोर्ट द्यायची मला सवय नाही. तुमच्या स्वप्नाने अडीच वर्षांपूर्वी तुमच्या आणि अक्काच्या फोनात तो राक्षस पाळायचा खेळ घातला, तेव्हा मी विरोध केला होता. साठीची बाई फोनात राक्षस धरते, त्यांना खायला घालते, कवायत शिकवते आणि दुसऱ्याच्या राक्षसाशी झुंजवते, हे आमच्या घराण्यात कधी झालं नव्हतं. पण मंगळवार, गुरुवार, शनिवार साताऱ्याला डायलिसिस, एकेका वेळी चार तास. डाव्या हाताला सुया टोचलेल्या, मोकळा काय तो उजवा हात, म्हटलं करू दे. ती आत मशीनवर आणि मी बाहेर बाकावर पेपर घेऊन. दोन वर्षांत मी त्या बाकावर निविदा-सूचनासुद्धा अथपासून इतिपर्यंत वाचल्या, पण आत जाऊन 'काय गं खेळतेस?' असं एकदाही विचारलं नाही. हे मी आता लिहितो आहे, तेव्हा विचारलं असतं तर बरं झालं असतं.

अक्काच्या दहाव्याचा दिवस तुम्हाला आठवत असेलच. नीरेच्या काठावर आपण सगळे उभे, पिंड मांडलेला, आणि कावळे लिंबावर बसून आपलं बोलणं ऐकत होते. मी म्हणालो, तुझी शेरडं विकणार नाही. तुम्ही म्हणालात, दर भाऊबीजेला दाजींकडे येईन. एक कावळा हलेल तर शपथ. तेवढ्यात माझ्या खिशातला अक्काचा फोन वाजला आणि स्वप्नाने तो घेऊन मोठ्याने वाचलं की सुभेदार उपाशी आहे. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. (भटजींनीही बघितलं. कुणीतरी तर माझ्या हातात केळं दिलं, आणि मी ते खाल्लं.) अक्काने त्या फोनातल्या जनावराला माझा हुद्दा नाव म्हणून दिला होता, हे मला तिथे, त्या वाळूत उभं असताना कळलं. कासवाचं धड, म्हशीचे डोळे आणि मिशा. मिशा त्याला मुळातच असतात असं स्वप्ना म्हणते, मी तिच्यावर विश्वास ठेवला आहे. तिने त्याला तीन बोरं खायला घातली, आणि तिकडे कावळा शिवला. मी असल्या गोष्टी मानत नाही. पण त्या दिवसापासून त्याला वेळेवर खायला घालतो.

आता त्याच्या रिपोर्टविषयी. दम अडीचशे, बचाव अडीचशे, ताकद शून्य, वेग शून्य. बेळगावला मी रंगरूट घडवत होतो तेव्हा असा एखादा आला असता तर मी त्याला लंगरात कांदे सोलायला पाठवला असता. जवान म्हटलं की चारी अंगांनी तयार पाहिजे. शिवाय दर शनिवारी अकरा वाजता तुमच्या फोनातल्या सशाशी, लालपरीशी, त्याची झुंज ठरलेली, आणि अक्कामागे ती मोडायची नाही म्हणून मी चालू ठेवली. एस.टी.त तीस वर्षं स्टिअरिंगवर बसून ज्याने काटा कधी पन्नासच्या वर नेला नाही, त्या माणसाचा ससा इतका पळतो हे मला अजून पटत नाही. तो पळायचा, मारायचा, पुन्हा पळायचा, आणि आमचा सुभेदार (म्हणजे तो, मी नव्हे) मार खात जागच्या जागी बसून राहायचा. एकेक झुंज तासभर चालायची आणि शेवटी हरायचे आम्हीच. झुंज सुरू झाली की तुमचा फोन यायचा आणि मी तो कापायचो. परेडवर फोन घेत नाहीत, एवढी साधी गोष्ट या माणसाला कळू नये, असं मला तेव्हा वाटायचं.

मग मी दोन महिने त्याची कवायत घेतली. रोज पाचला उठून कालव्याच्या रस्त्याने फोन हातात धरून चालायचं आणि वाटेत भेटेल त्या राक्षसाशी त्याला झुंजवायचं. मी घामाघूम व्हायचो, आणि ताकदीचा आकडा शून्यच. असला ढिम्म रंगरूट मी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता. शेवटी पुण्याला स्वप्नाला फोन केला, तर ती म्हणाली, "मामा, त्याचं पोट भरलंय." या खेळात कितीही घाम गाळा, एका जनावराच्या अंगात सगळं मिळून पाचशेच गुण मावतात, आणि ते पाचशे अक्काने आधीच दम आणि बचाव यांत भरून ठेवले होते. नवीन काही भरायचं तर जुनं काढावं लागतं, आणि त्यासाठी कडू पाला असतो. एका पाल्याला दहा गुण उतरतात. दम का काढायचा, हे पोरीने विचारलं होतं. मी म्हणालो, बाईमाणसाने घडवलेला जवान आहे, जरा दुरुस्ती करतो.

हिंदुराव, मी त्याला पंचवीस वेळा कडू पाला चारला. रोज पाच, पाच दिवस. दम अडीचशेचा शून्य झाला. पाला दिला की ते जनावर तोंड वाकडं करतं, आणि त्याचा आपल्यावरचा जीव दाखवायला बाजूला जे बदाम असतात ते कमी होतात. अक्काच्या वेळचे दहा होते, माझ्या हातून दोन राहिले. पाचव्या दिवशी त्याने माझ्याकडे पाठ केली. ती पाठ मी लगेच ओळखली, संसारात चार-पाचदा बघितलेली आहे. तरी मी थांबलो नाही. ताकद वाढवणारे राक्षस कारखान्यांच्या आसपास निघतात म्हणून शिरवळला गेलो आणि आठ दिवस एका कंपनीच्या गेटसमोर फोन धरून उभा राहिलो. तिथला वॉचमन आपल्यातलाच, माजी सैनिक निघाला. "आवं सायेब, हितं काय करतायसा?" म्हणाला. मी म्हणालो, ताकद भरतोय. त्याने सॅल्यूट ठोकला, खुर्ची आणली, चहा पाजला आणि घरच्या कुणाचा नंबर आहे का ते फार जपून विचारलं.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. त्या शनिवारी सुभेदाराने एकच तडाखा दिला आणि तुमची लालपरी चारी पाय वर करून पडली. दोन मिनिटांत सगळं आटोपलं. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. घरात तोंड गोड करायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून स्वतःच गुळाचा खडा तोंडात टाकला, आणि मुद्दाम तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, "बरं झालं दाजी. संपलं म्हणायचं." आणि फोन ठेवलात. मला वाटलं, पाव्हण्याला हार पचली नाही. पुढच्या शनिवारी तुम्ही आला नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही, आणि काल तिसरा गेला.

काल मी रागाने स्वप्नाला फोन लावला की तुझा बाप रडीचा डाव खेळतोय. तिने ऐकून घेतलं आणि मग सांगितलं, "मामा, आत्याला जिंकायचंच नव्हतं. जिंकलं तरी संपतंय आन हरलं तरी संपतंय. झुंज चालू हाय तवर आप्पांशी बोलायला मिळायचं, म्हणून तिनं नुसता दम भरला." तुम्ही भावंडंही शेवटी आमच्यासारखीच. कारणाशिवाय फोनवर बोलायचं म्हणजे लाज वाटणार, आणि तासभर बोलायचं तर तासभर पुरेल असं कारण पाहिजे. ते कारण तिने एका हाताने दोन वर्षं घडवलं आणि मी ते पाच दिवसांत उतरवून टाकलं. मला फार वाईट वाटलं. तुमचे कापलेले फोन मी आठवून आठवून मोजले, सतरा होते. त्या बाकावर बसलो की आतून तिचं हसणं ऐकू यायचं, तेही आठवलं. एकदा तर मी पेपरची घडी करून आत गेलो होतो आणि तिला म्हणालो होतो, जरा हळू हस, इथे लोक आजारी आहेत. ती म्हणाली, "आवं, मी पण हाय की!" आणि पुन्हा हसली. तिच्या कानाला फोन होता. पलीकडे तुम्हीच असणार.

असो. पत्र लांबलं. वहिनींना नमस्कार, म्हशीची खुशाली विसरू नका. गुडघ्याला निगडीचा पाला शेकावा. (पाल्याच्या बाबतीत माझा सल्ला किती ऐकायचा ते तुम्ही ठरवा.)

आपला,
लालासाहेब
(निवृत्त सुभेदार, खरा)

ता. क. – वर 'दोन वेळ जेवतो' असं लिहिलं आहे. रिपोर्टात तसं लिहायची पद्धत असते.

ता. क. २ – हे पत्र लिहून पोस्टात टाकलं नव्हतं, त्याला सोळा दिवस झाले. दम वाढवणारे राक्षस फक्त दवाखान्यांच्या आसपास निघतात, असं स्वप्नाने सांगितलं. (म्हणजे तिने ते कुठून धरले असतील ते बघा.) म्हणून ताकद सगळी कडू पाल्याने उतरवली आणि मंगळवार, गुरुवार, शनिवार लोणंदहून एस.टी.ने साताऱ्याला जातो. बाक तोच आहे. शेजारी बसणारे विचारतात, तुमचं पेशंट कोण? मी म्हणतो, घरचंच. बदाम अजून दोनच आहेत, त्याखाली ते उतरत नाहीत, पण कवायतीने वाढतही नाहीत.

ता. क. ३ – आता ज्यासाठी पत्र लिहिलं ते. येत्या शनिवारी अकराला लालपरीला घेऊन या. आमची ताकद शून्य आहे, तेव्हा तुम्हाला भिण्याचं कारण नाही. झुंज सुरू झाली की फोन करा, मी उचलेन. शालू कशाला एवढी हसायची ते मला सांगा. एकदम सगळं सांगून टाकू नका, थोडं थोडं सांगा. दम आज सकाळी पुन्हा अडीचशे झाला आहे.