नारच्या डोहातला महाशीर

सोमवार, २ डिसेंबर
दारणा धरण. सातला पोचलो तेव्हा पाण्यावर वाफ होती. ललितामॅडम पुण्याहून आल्यात – कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवतात – आणि आठवडाभर मी त्यांचा गाईड! एवढं मोठं बुकिंग पहिल्यांदाच. त्यांना एकच मासा हवाय, महाशीर. गळाला लावायचा, मोजायचा, सोडून द्यायचा. "आपल्या नद्यांत तो उरलाय का, एवढंच बघायचंय." मी छाती काढून म्हटलं, आहे की! खरं तर बारा वर्षांत मी एकदाच पाहिलाय. तोही लांबून.
दिवसभरात दोन तिलापिया.

मंगळवार, ३
वैतरणा. वारा एवढा की टाकलेली लाईन तोंडावर परत! दुपारी मरळ लागली, चांगली हातभर. मी ओरडलो, मॅडमही ओरडल्या. पण मरळ ती मरळच.

बुधवार, ४
मुकणे. काही नाही. मॅडमनी वहीत शून्य लिहिलं.

गुरुवार, ५
सुरगाण्याकडे, नार नदी. रस्ता संपला तिथे गाडी लावली. पाड्यावर रंगूबाई भेटल्या – सत्तरीच्या असतील, अंगणात नागली पाखडत होत्या. मी ऐटीत चकचकीत स्पिनरचा, म्हणजे धातूच्या खोट्या आमिषांचा, डबा उघडून दाखवला, तर खदखदून हसल्या. "लोखंड कोन खातं? नागलीचा गोळा लाव." डोहात मोठा मासा हाय, म्हणाल्या, पोरगी होते तवापासून बघते. स्वतः पीठ मळून दिलं!
डोहाचं नाव इथेही लिहीत नाही. का कोण जाणे, हात होत नाही.
संध्याकाळी लाईन थरथरली. एकदाच. पण मॅडमचा चेहरा बघून बुधवार विसरलो.

शुक्रवार, ६
मिळाला!!!
सव्वाआठ. रॉड मॅडमच्या हातात. पहिल्याच ओढीत त्या गुडघाभर पाण्यात. "गोरक्ष, धरा!" – "रॉड सोडू नका, मी तुम्हाला धरतो!" त्यांच्या पाठीवरची सॅक दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो. रीळ नुसतं किंचाळत होतं. मासा खडकाकडे धावला, लाईन घासली – संपलं, वाटलं. नाही तुटली! पंचवीस मिनिटं. मग पाण्याखाली काहीतरी सोनेरी वळलं.
जाळीत मीच घेतला. खवले बत्ताशाएवढे. अठ्ठ्याहत्तर सेंटिमीटर! पाण्यात धरूनच मोजला. मॅडम रडत होत्या आणि आकडे लिहीत होत्या. मग तोंड प्रवाहाकडे करून धरला. कल्ले हलू लागले, अंगात जोर आला, आणि शेपटीचा असा फटका – गेला! मी नखशिखांत भिजलो.
काठावरून रंगूबाई, "बघितला ना? आता घरी जा."

शनिवार, ७
मॅडम सकाळी पुण्याला गेल्या. त्यांना विचारून फोटो गळवाल्यांच्या ग्रुपवर टाकला, जागा न सांगता. दुपारपर्यंत फोनच फोन! सुरत, पुणे, पार बंगळूर! सगळ्यांना तोच डोह हवाय. मार्चपर्यंत एकही आठवडा रिकामा नाही. बायकोला, सविताला म्हटलं, कंपनीतली नोकरी सोडली तेव्हा तुझा भाऊ हसला होता ना? आता सांग त्याला! तिने शिरा केला.
एकाने विचारलं, खायला कसा लागतो. हसण्यावारी नेलं.

रविवार, ८
आनंदाची बातमी सांगायला पाड्यावर गेलो. रंगूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "लय मान्सं येतील?" हो, लय! "आन् मासं किती हायेत, मोजलंस?"
नव्हते मोजले. रस्त्यावर रेंज आली तशी मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, "त्या डोहात असे वीस असतील, गोरक्ष. किंवा दोनच."

सोमवार, ९
पाड्यावर बैठक. डोहात गळ बंद, जाळं बंद – सगळ्यांना, माझ्या बुकिंगवाल्यांनाही. सुचवलं मीच. मी बाहेरचा, माझं मत धरत नाहीत. तरी हात वर केला.