पांढरा रंग नसलेली बाटली

प्रिय बाळ्या,

चाळिशीला टेकलास तरी मी बाळ्याच म्हणणार, उगीच तोंड वाकडं करू नकोस. फोनवर तू ‘बरी आहेस ना’ विचारतोस, मी ‘बरी आहे’ म्हणते आणि विषय संपतो. म्हणून लिहायला बसले.

लहानपणी तू चिडवायचास, आई गोळ्यांना पावडर लावते म्हणून. खरंच होतं ते. व्हिटॅमिनची कच्ची गोळी मळकट, ठिपक्याठिपक्यांची असते. कोटिंगच्या पिंपात ती गरगर फिरते, वर पांढऱ्या रंगाचा फवारा बसतो आणि मग कुठे तिला रूप येतं. सत्तावीस वर्षं कारखान्यात मी ते पिंप सांभाळलं. एका गोळीवर डाग राहिला तरी मला घरी घास गोड लागायचा नाही.

पुढे त्या रंगावरून कुरबुर सुरू झाली. काही देशांनी तो खाण्यातून काढून टाकला, आपल्याकडे अजून चालतो. आमच्याकडे सरकारी इन्स्पेक्टर येऊन एवढंच सांगून गेले, की बाटलीवर जे लिहाल ते खरं लिहा. मालकांनी लगेच नव्या बाटल्या काढल्या, ‘पांढरा रंग नाही’ असं ठसठशीत छापून. तेव्हा तुझ्या बाबांचं आतड्याचं दुखणं बळावलं होतं. डॉक्टर म्हणाले, “ठाम पुरावा नाही, पण यांचं आतडं आधीच सोलवटलंय. हा रंग टाळलेलाच बरा.” मी तोऱ्यात म्हटलं, आमच्याकडेच बनतात बिनरंगाच्या, मी आणते. बाबा बाटलीकडे बघायचेसुद्धा नाहीत. “तुझ्या हातच्या आहेत ना, मग वाचायचं काय?” जेवण झालं की दोन गोळ्या, दीड वर्ष.

त्या बिनरंगाच्या गोळ्या पिवळट निघायच्या, दुकानदार परत पाठवायचे. सुपरवायझर म्हणाला, “पांढऱ्या रंगाची जुनी पोती पडलीत, टाका चिमूटभर. चिमटीनं कोण मरतंय?” सगळं त्याच्यावर ढकलून मोकळी झाले असते, पण तो एकदाच म्हणाला. पुढे मीच घालत गेले. चिमटीची मूठ कधी झाली कळलं नाही. डागाळलेली गोळी माझ्या हातून बाहेर जाणं मला सोसवतच नव्हतं. घरी बाबांची बाटली उघडली तेव्हा आतल्या गोळ्या पांढऱ्याशुभ्र होत्या. काळजात धस्स व्हायला हवं होतं ना? मला बरं वाटलं रे. माल चांगला उतरलाय, असं मनात आलं.

मागच्या आठवड्यात डॉक्टरांना भेटून सगळं सांगितलं. ते म्हणाले, बाबा त्या रंगानंच गेले असं म्हणता येत नाही आणि त्याचा काही संबंध नव्हता असंही म्हणता येत नाही. आता जन्मभर मला एवढंच उत्तर पुरवायचं आहे. उद्या सकाळी ती शेवटची बाटली घेऊन मी इन्स्पेक्टरच्या ऑफिसात लेखी जबाब द्यायला जाते आहे. आत अकरा गोळ्या उरल्यात. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. बाबा गेले त्या दिवशी दवाखान्याच्या पायऱ्यांवर तू डॉक्टरांना नाही नाही ते बोललास. त्यांची माफी माग. जिला बोलायला हवं होतं ती तुझा दंड धरून तुझ्या शेजारीच उभी होती. आता घरी ये आणि मला बोल.

तुझीच,
आई