दोन थांबे

१८ जून

ताई,

नमस्कार. तुम्ही सगळे मजेत असालच. इकडचं तू विचारलं नाहीस, तरी सांगते. बुटकीचा खोकला गेला, शाळा सुरू झाली आणि आमच्या शिवणाच्या दुकानात गणवेशांचं काम तुंबलंय.

आईकडून तुझा निरोप पोचला. मी भावजींची माफी मागावी म्हणे. नाही मागणार. माझी सात वर्षांची बुटकी फिट येऊन तुझ्या जेवणघरात जमिनीवर आखडली होती आणि भावजी तिच्या दातांत चमचा कोंबत होते. "अहो, सोडा तिला!" मी तीनदा ओरडले. चौथ्यांदा माझा हात उठला. बसला सणसणीत, हो. आणि तू पाहुण्यांना काय सांगितलंस? "हल्ली हिचं डोकं ठिकाणावर नसतं." पोरीचा ओठ फाटून रक्त येत होतं, ताई, आणि तुला तुझी अब्रू सावरायची होती!

पुढचं आईला सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

दहा दिवसांनी बुटकीला घेऊन दवाखान्यात गेले. गर्दी होती. ती बाकावर बसून चित्र रंगवत होती. "पाणी आणते" म्हणून मी बाहेर पडले.

पाणी आतच होतं, दाराशी. मी समोर आलेल्या बसमध्ये चढले.

दोन थांबे गेले. खिडकीशी बसून इतकं हलकं वाटलं की माझी मलाच भीती वाटली. उतरले आणि चपला हातात घेऊन पळत सुटले. पोर तिथंच होती. "आई, निळा रंग संपला," एवढंच म्हणाली.

आत गेल्यावर डॉक्टरीणबाईंपुढे सगळं ओकले. त्यांनी पेन खाली ठेवलं. "दोन वर्षं मी हिच्या फिट मोजतेय," त्या म्हणाल्या, "तुम्हाला झोप लागते का, हे विचारायचंच राहिलं."

त्यांनी मला समुपदेशक बाईंकडे पाठवलंय. म्हणजे डोकं ठिकाणावर नव्हतं, हे खरंच. पण ते सांगायचं होतं मी. तू चारचौघांत वाटून टाकलंस.

दर गुरुवारी चार वाजता तासभर जायचंय. बुटकीजवळ कुणीतरी हवं. तिच्या बाबांची दुपारपाळी असते, शेजारीण फिट बघूनच भेदरते. दुसरं कुणी नाही, म्हणून तुला विचारतेय. उगाच विरघळू नकोस. फिट आली तर तिला कुशीवर वळव, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेव, घड्याळ बघ. तोंडात काहीही घालू नकोस. पाच मिनिटांच्या वर गेली तर रुग्णवाहिका बोलाव. भावजींना आणू नकोस.

यायचं नसेल तर आईच्या तोंडी निरोप नको. तुझ्या हातानं लिही, "येत नाही" म्हणून.

मी गुरुवारी साडेतीनपासून वाट बघेन. राग आहे तसाच आहे.

तुझीच,
धाकटी