फिकी फिल्म

दादा,

काल भिंतीवर चादर लावून तू काढलेल्या जुन्या स्लाइड्स प्रोजेक्टरवर पाहिल्या. भडक रंग तुला कधी खपलेच नाहीत. खिडकीतला उजेड किती मऊ, आईची जांभळी शाल किती शांत! तिचा चेहरा मात्र पांढुरका. या स्लाइड्स पहिल्यांदा पाहिल्या, तेव्हा त्यावर आपण सगळे हसलो होतो. आईच म्हणाली होती, "अरे, जरा रंग असलेली फिल्म आण की!"

मी कपाटातून ती शाल काढून चादरीशेजारी धरली. रंगात तसूभरही फरक नव्हता. फिल्म खोटं बोलत नव्हती, दादा. आजार कळायच्या कितीतरी आधीच आई फिकी पडली होती.

ती गेल्यापासून तू एकच घोकतोस, "आधी कळलं असतं तर?" म्हणून हे पत्र पोस्टात टाकणार नाही. फोनवर स्लाइड्सबद्दल विचारलंस, तर सांगेन, तुझी फिल्मच फिकी होती.

तुझी,
धाकटी