कोणता बुश घालू?

सुआमे, कुमासी
१२ ऑगस्ट

प्रिय बोआतेनदादा,

इकडे आम्ही बरे आहोत. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र टेमाच्या बसच्या ड्रायव्हरकडे देते आहे. तिथल्या केंकेवर तुझं पोट भरतं का? तुझ्या वाटचा फुफू मी खाते आणि जाड होते.

काम असं आहे. मक्याच्या गिरण्यांच्या दोनशे तबकड्यांना भोकं पाडायची आहेत. ड्रिल ज्या नळीतून सरळ उतरतं तो बुश जिगच्या साच्यात कोणता घालू? ठोकून पक्का बसवायचा, की झिजला की बदलता येईल असा? बाबांनी तुला विचारायला सांगितलंय. हो, बाबांनीच.

दादा, चार वर्षांपूर्वी वाया गेलेल्या त्या तबकड्यांचा बुश मी लेथवर कातला होता. शुक्रवार होता. शनिवारी आत्याचा अंत्यविधी, आणि माझे सुतकाचे लाल-काळे कपडे शिंप्याकडे अडकलेले. तो दुकान बंद करील म्हणून मी बुश भट्टीत घातलाच नाही. पाणी न देता तसाच मऊ जिगमध्ये ठोकला आणि पळाले. सोमवारी तू ड्रिल लावलंस, त्याने बुशच खाल्ला आणि भोकं सरकत गेली. बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, "ह्याची नजरच वाकडी. ह्याच्या हातात ड्रिल देऊ नका."

तू माझ्याकडे पाहिलंस. तुला कळलं होतं. मी झाडू घेऊन लोखंडाचा कीस गोळा करत बसले.

तू टेमाला निघून गेलास, तरी सकाळी मशीन सुरू केलं की तुझी शिट्टी ऐकू येईल असं अजून वाटतं. मला तुझी फार आठवण येते रे.

दहा दिवसांपूर्वी मी बाबांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. माळ्यावरून तो जुना जिग काढला आणि झिजलेल्या बुशमध्ये बराच वेळ करंगळी फिरवत राहिले. मग म्हणाले, "बोआतेनला विचार, कोणता बुश घालायचा. तो म्हणेल तोच."

"आणि त्याने कळवलंच नाही तर?"

"तोवर एकही भोक पाडायचं नाही."

गिऱ्हाईक रोज खेपा घालतंय. बाबा त्याला स्टूल देतात आणि सांगतात, "थांबा जरा, माझा मोठा मुलगा यायचाय."

तू जिचं नाव घेतलं नाहीस ती,
कोनादू